अवजारपंडित

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक पाण्याच्या टाकीवरून भांडणारा असतो आणि एक अवजारपंडित असतो. पहिले दोघे दमतात, बदलतात. तिसरा तहहयात असतो.

हा बहुधा बँकेतून नाहीतर सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला. नोकरीत त्याने काही कापलं असेल तर ती हाताखालच्यांची रजा. पण पेन्शन सुरू झाली की त्याला एकाएकी बारा बलुतेदारांचा उमाळा येतो. त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ सालचं ‘गावगाडा’ तो खाली रेघा मारून वाचतो, आणि पुण्यात राहत असेल तर रविवारी सकाळी जुन्या बाजारात दिसतो. तिथून दांडा गेलेला वाकस, मूठ सुटलेली रापी, गंजलेली नराणी असा ऐवज पिशवीतून घरी येतो. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते कितीदा पाहिले तरी त्याचं समाधान होत नाही. मात्र केळकरांनी आपला सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला, ही गोष्ट तो बायकोपासून लपवून ठेवतो. कळली तर ती त्याच दिवशी टेम्पो बोलावेल.

त्याच्यासमोर चुकूनही ‘ते कापायचं काहीतरी’ म्हणू नये. म्हणालात की अर्धा तास गेला. चामडं कापते ती रापी, भोक पाडते ती आरी. न्हाव्याचा वस्तरा निराळा, नखं काढायची नराणी निराळी, आणि हे सगळं ज्यात राहतं ती धोकटी. सुताराची पटाशी रुंद तोंडाची, किकरं अरुंद. वाकसाने तासायचं, रंध्याने गुळगुळीत करायचं. पाथरवटाची टाकी म्हणजे पाण्याची नव्हे! कोकणातला माणूस कोयता हातात नाचवत नाही, कमरेच्या आकडीला अडकवतो. शंका काढलीत तर पुढची तोफ तयार असते: मोल्सवर्थचा कोश, आवृत्ती दुसरी, १८५७. “एका इंग्रज अधिकाऱ्याला हे शब्द जमवावेसे वाटले, आणि तुम्हाला साधी पटाशी ठाऊक नाही!” आपण खजील होतो. त्याचा दिवस मार्गी लागतो.

म्हणींचा साठाही धारदार. सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या खर्चाला जोशीवहिनींनी विरोध केला की हा उठून ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणतो, आणि कुऱ्हाडीला दांडा कुठल्या लाकडाचा चांगला यावर घसरतो. ठराव पुढच्या सभेवर जातो.

त्याच्या घरची विळी मात्र बघण्यासारखी आहे. पाट शिसवी, पातं आजोबांच्या वेळचं, टोकाला खोवणी. पाहुण्यांना ती तो स्वतः आणून दाखवतो. तिने भेंडीसुद्धा चिरत नाही, चेंगरते. “धार लावून आणा,” असं वहिनी कधीच्या सांगताहेत. शेवटी त्यांनी दोरी ओढायचा प्लास्टिकचा चॉपर आणला. पंडिताने त्या दिवशी मराठी संस्कृतीच्या ऱ्हासावर दोन कप चहा घेतला आणि चॉपरने केलेली कोशिंबीर मागून घेऊन खाल्ली.

एकदा खाली धारवाला आला. सायकल स्टँडवर चढवून तो पायडल मारत होता, पट्ट्यावर सहाण गरगर फिरत होती. पात्याचा कोन हातानेच धरून त्याने सुरी दोनदा टेकवली, उलटवली, अंगठ्याच्या नखावर अलगद लावून पाहिली. आमचे पंडित जवळ जाऊन म्हणाले, “पाजवतोस की नुसतं घासतोस?” धारवाला मान वर न करता म्हणाला, “काका, सुरी द्यायची असेल तर द्या. नाहीतर जरा बाजूला व्हा, ठिणग्या उडतात.”

खरी गंमत झाली ती तिसऱ्या मजल्यावर किचनचं काम निघालं तेव्हा. सुतार पोरसवदा, हातात विजेचा प्लेनर. पंडिताने विचारलं, “काय रे, तुझा वाकस कुठाय?” पोराने विचारलं, “वाकस म्हणजे?” पंडिताला स्वर्ग दोन बोटं उरला. तेवढ्यात ते पोर साथीदाराला ओरडलं, “आधी मायका मार, मग लिपिंग लाव, चॅनल सॉफ्ट क्लोजचं घे आणि गुण्या टाक इकडे!” यातलं पंडिताला एक अक्षर कळलं नाही. ‘गुण्या’ तेवढा कळला असता, पण एवढा अस्सल शब्द इथे अजून कामावर हजर असेल हे ध्यानीमनीही नसल्याने तो त्याला ऐकूच आला नाही.

या जातीची खोड ती हीच. शब्दाचा धनी परागंदा झाला, अवजाराला गंज चढला, की मगच यांना त्याचा लळा लागतो. धंदा चालू असेपर्यंत त्याची बोली यांच्या लेखी अशुद्ध.

तरीही त्याला हसून घालवू नका. नराणी आणि धोकटी अजून कुणाच्या तोंडी असेल तर ती याच्याच. फक्त येत्या वाढदिवसाला त्याला एक कोरी वही द्या आणि तिसऱ्या मजल्यावर पाठवा. लिपिंग म्हणजे प्लायच्या कडेला लावायची पट्टी, हे त्याने आजच लिहून ठेवलेलं बरं. पन्नास वर्षांनी एखादा पंडित त्यावर व्याख्यान देणारच आहे, त्याची सोय होईल.