शाल नाही, पावती

अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या परिषदेत, वर्षानुवर्षं वक्त्यालाही तिकीट काढावं लागायचं, आयोजकालाही. आपल्याकडे वक्त्याला शाल-श्रीफळ देतात; तिथे मिळायची पावती. 2009 साली बंगळूरला सुरू झालेली पायकॉन इंडिया 2011 मध्ये पुण्यातही येऊन गेली, तीही स्वयंसेवकांच्याच जिवावर.

अशा परिषदांचा प्रचार हे निराळंच प्रकरण. ‘शेवटच्या काही जागा’ महिनाभर शेवटच्याच असतात. व्हॉट्सॲपवर पोस्टर पडलं की अंगठ्यांचा पाऊस; ‘सकाळी सातला नोंदणीच्या टेबलावर कोण बसणार?’ विचारलं की एकजात सगळ्यांची रेंज जाते. (ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज नेमकं परिषदेच्याच शनिवारी असतं.) मग बसतात नेहमीचेच तिघे. पाठीवर सतरा प्रायोजकांचे लोगो, आणि टी-शर्ट दोन मापं लहान, कारण मोठे सगळे पाहुण्यांनी आधीच उचललेले.