साठ टक्क्यांचा गृहस्थ

पुण्यातील कोणत्याही मोठ्या गृहसंकुलात निदान एक तरी असा गृहस्थ असतो, की ज्याच्या बैठकीच्या खोलीत पाहुण्यांना पंखा मिळत नाही. आणि ज्या वाचकाने मे महिन्याच्या दुपारी अशा घरी घाम पुसत बसून, कोपऱ्यातील कुंडीत नवे पान उलगडते आहे आणि त्याला वारा सोसत नाही, हे स्पष्टीकरण ऐकले असेल, त्याला या वर्गाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

या वर्गाचे आराध्य बहुधा अलोकेशिया हे असते. गडद हिरवी, जवळजवळ काळी पडलेली, नागमोडी काठांची आणि पांढऱ्या ठळक शिरांची पाने असलेली ही वनस्पती सुरण कुलातील, म्हणजे सुरण आणि अळू ज्या कुलात मोडतात त्याच कुलातील होय; मात्र ही सोयरीक या गृहस्थापाशी काढू नये, कारण तिचा उल्लेख त्याला अपमानासारखा लागतो. आपले झाड ॲमेझॉनच्या जंगलातून आले, असे तो पाहुण्यांना सांगतो. वस्तुस्थिती अशी, की ‘ॲमेझोनिका’ या नावाने विकला जाणारा हा संकर १९५०च्या दशकात अमेरिकेतील मायामी येथे, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या एका हौशी माणसाच्या ‘ॲमेझॉन’ नावाच्या रोपवाटिकेतून पुढे आला, आणि त्याच्या पूर्वजांचे मूळ घर आग्नेय आशियात असल्यामुळे दक्षिण अमेरिकेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अर्थात, उरुळी कांचनच्या रोपवाटिकेतून दुचाकीवर दोन पायांमध्ये धरून आणलेल्या रोपाला थोडे जंगल चिकटवावेसे वाटले, तर त्यात नुकसान कोणाचेच नाही.

या गृहस्थाचा खरा विषय मात्र झाड नसून हवा हा आहे. हवा एखाद्या तापमानाला जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात जितकी वाफ हवेत असते, तिच्या शेकडा प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. अलोकेशियाला ती साठ टक्क्यांच्या पुढे मानवते आणि पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी ती वीसच्या आसपास उतरते. या दोन आकड्यांमधील चाळीस टक्क्यांच्या दरीत या माणसाचे सारे आयुष्य साठवलेले असते. आर्द्रता दाखवणारे काड्यापेटीएवढे यंत्र तो कुंडीशेजारी ठेवतो, दुसरे देवघरापाशी ठेवतो आणि तिसरे खिशात बाळगतो; सकाळी उठल्यावर करदर्शनाच्या आधी आकडादर्शन होते आणि त्या आकड्यावर घरातील त्या दिवसाचा सूर ठरतो.

दहावीच्या निकालाच्या दिवसांत अशा एका गृहस्थाला लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्याने चेहरा उतरल्याचे कारण विचारले असता, “आज कसेबसे अठ्ठावीस टक्के,” असे उत्तर मिळाले; त्यावर शेजाऱ्याने खांद्यावर हात ठेवून, “मनाला लावून घेऊ नका, जुलैत पुन्हा बसता येतं,” असा धीर दिला, तेव्हा याने तितक्याच गांभीर्याने, “जुलैत आपोआपच ऐंशीच्या वर जातं,” असे सांगितले आणि दोघेही एकमेकांच्या आशावादाने भारावून आपापल्या मजल्यावर उतरले.

पानांवर फवाऱ्याने पाणी उडवल्यास आकडा काही मिनिटे चढतो आणि पुन्हा जागेवर येतो, हे लवकरच ध्यानात येते. मग घरात वाफ सोडणारे विजेचे यंत्र येते आणि खऱ्या अर्थाने गृहकलहास प्रारंभ होतो. डब्यातील चिवडा सादळतो, मिठाला पाणी सुटते, पापड हातात घेतला तर मोडण्याऐवजी वाकतो. मुलाचा तबला उतरतो, कारण दमट हवेत त्याचे चामडे सैल पडते. शिकवायला येणारे गुरुजी हातोडीने गट्टे ठोकून ठोकून थकतात आणि अखेर शिकवणीची जागा गच्चीवर हलते. घरातील प्रत्येक तक्रार या गृहस्थाला मात्र शुभवार्ता वाटते, आणि पत्नीने मऊ पडलेली शेव पुढे ठेवली, की ती चाखून तो अंदाज सांगतो, “बासष्ट असेल.” यंत्र पाहावे तर तेही बासष्टच दाखवते, हे त्याच्या पत्नीला सर्वांत असह्य होते.

पुढची पायरी काचेच्या कपाटाची. लंडनमधील नथॅनियल वॉर्ड या वैद्याने १८२९ साली एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला असता, कोशाकडे पाहता पाहता त्याच मातीत उगवलेल्या नेच्याकडे त्याचे लक्ष गेले आणि बंद काचेत झाडाने सोडलेली वाफ झाडालाच परत मिळते हे त्याने जाणले. या तत्त्वावर बनलेल्या पेट्यांतून पुढे समुद्रमार्गे रोपांची वाहतूक झाली आणि चीनमधील चहाची रोपे भारतात आली. हा इतिहास या गृहस्थाला मुखोद्गत असतो. तो इतक्या वेळा सांगितला जातो, की लग्नात आलेला कपबशांचा संच, काश्मीरच्या सहलीतील लाकडी शिकारा आणि मुलीला वक्तृत्वात मिळालेली ढाल बैठकीतील शोकेसमधून माळ्यावर गेली तेव्हा घरातील कोणी कारणही विचारले नाही. शोकेसच्या दारांना फोमच्या पट्ट्या बसल्या, आत दिवे लागले आणि यंत्राने एकाहत्तर दाखवले. तो दिवस या घरांत वाढदिवसासारखा लक्षात राहतो.

अशा एका गृहस्थाची आई रत्नागिरीकडून काही दिवसांसाठी आली असता, तिने शोकेसचे दार सहज उघडले (आकडा तत्काळ अकरा टक्क्यांनी घसरला), एक पान दोन बोटांत धरून उलटे केले, जांभळट पाठ पाहिली, देठावरून अंगठा फिरवला आणि म्हटले, “अरे, वड्यांचं दिसतंय. भाजीचं अळू हिरवं असतं.” या निरीक्षणात शास्त्रदृष्ट्या फारसे खोट काढण्यासारखे नव्हते, कारण दोन्ही वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला होणारी खवखव त्यांच्यामुळेच होते आणि अळू शिजवताना चिंच किंवा आंबट चुका घालण्याची चाल तीवरील उतारा म्हणूनच पडली आहे. “आई, हे अळू नव्हे,” एवढेच मुलाला म्हणता आले.

येथवरचे वर्णन वाचून या वर्गाविषयी अनादर उत्पन्न होणे स्वाभाविक आहे, परंतु त्याला हिवाळ्यात पाहिल्याशिवाय न्याय करणे योग्य ठरणार नाही. रात्री थंडावू लागल्या, की अलोकेशिया पुष्कळदा सुप्तावस्थेत जाते, म्हणजे वाढ थांबवून, पाने टाकून, मातीखालच्या कंदात जीव आवरून बसते. एकेक पान पिवळे पडून गळते आणि अखेर कुंडीत केवळ माती उरते. झाड मेले, असा घरच्यांचा निर्वाळा असतो. कुंडी कोथिंबिरीसाठी मागितली जाते. ज्या माणसाने एका टक्क्यासाठी घर डोक्यावर घेतले, तो या काळात विलक्षण शांत असतो. कंद कुजू नये म्हणून तो पाणी तोडतो, बोटाचे दोन पेर मातीत घालून ओल पाहतो, आणि ज्या कुंडीत दाखवण्यासारखे काहीही नाही ती रोज उजेडाकडे थोडी फिरवून ठेवतो. कौतुक करायला कोणी नसताना केलेले हे काम आहे, हे मान्य करावे लागते.

मान्य करण्यासारखे आणखीही आहे. फाल्गुनात उकडू लागले, की कुंडी उपसून तो मुख्य कंदाभोवती धरलेले सुपारीएवढे लहान कंद वेगळे काढतो, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ओल्या शेवाळावर मांडतो, आणि कोंब फुटल्यावर ज्या शेजाऱ्यांनी त्याला हसून घेतले त्यांनाच फुकट वाटतो. सोबत सूचनांचा कागद असतो आणि त्यावर साठ हा आकडा लाल शाईने अधोरेखित असतो. मे महिन्यात संकुल गावी गेले, की त्याच्या दारात इतरांच्या तुळशी, मोगरे, सदाफुली यांची रांग लागते, आणि आर्द्रतेची काडीचीही पर्वा नसलेल्या या झाडांना तो, किंचित तुच्छतेने का होईना, रोज न चुकता पाणी घालतो.

या वर्गातील अनेकांची मुळे कोकणात आहेत, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. ज्या दमट हवेतून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी घराणी घाट चढून आली, जिच्यामुळे वह्यांना बुरशी आणि कपड्यांना कुबट वास येई म्हणून लहानपणी जिचा राग राग केला, तीच हवा हा माणूस आता विजेचे बिल भरून, फोमच्या पट्ट्या लावून, चार फुटांच्या कपाटात तयार करतो. शोकेसचे दार उघडले, की ओल्या मातीचा जो वास बाहेर येतो, त्यासाठी तो क्षणभर तेथे थांबतो. विचारले असता आकडा पाहत होतो असे सांगतो.

वर उल्लेखिलेल्या आईने परतताना एक डबा आवर्जून मागून नेला होता. पावसाळ्यात मुलगा गावी गेला तेव्हा न्हाणीच्या मागे, अळवाच्या वाफ्याच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या खडीतून सांडपाणी वाहून जाते पण साचत नाही अशा जागी, शोकेसमधील झाडाच्या दुप्पट उंचीची अलोकेशिया उभी होती. त्याने खिशातील यंत्र काढले. ते एक्याण्णव दाखवत होते. काय काय केले, असे त्याने विचारले.

“काय करायचं असतं? टाकला कंद,” आई म्हणाली. “एक देठ चिरून पाहिला, हाताला खाज सुटली. वड्यांच्या काही कामाचं नाही हे. पण असू दे, बरं दिसतं.”