भावी नगरसेवकासाठी टोपीखरेदीचा सल्ला

आमच्या प्रभागातल्या एका भावी नगरसेवकांनी या सदराकडे सल्ला मागितला आहे. 'भावी' हे त्यांचं पद आहे. चौकातल्या फ्लेक्सवर ते या पदावर वर्षानुवर्षं बिनविरोध निवडून येतात. २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांवर प्रशासक आले, तेव्हा विद्यमान नगरसेवक एका रात्रीत माजी झाले. भावी मात्र भावीच राहिले. इतकी पक्की नोकरी सरकारी खात्यातसुद्धा मिळत नाही.

तर त्यांचा प्रश्न असा : "डोक्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढली आहे. तेवढ्यात वेगवेगळ्या पक्षांच्या पाच-सहा साध्या टोप्या येतात, नाहीतर मापाची एकच भारी पगडी करून घेता येते. लांबचा विचार केला तर फायद्याचं काय?"

डोक्यावर खर्च करणार म्हटल्यावर आमचा आधी वेगळाच समज झाला होता. पण खर्च फक्त बाहेरच्या बाजूचा आहे असं कळलं आणि जीव भांड्यात पडला. फ्लॅट घेताना फसलात तर कर्ज तुमच्या एकट्याच्या मानगुटीवर बसतं. टोपी घेताना फसलात तर तिकीट जातं, आणि तिकिटाच्या आशेवर बसलेल्या चाळीस पोरांचा वडापाव जातो. तेव्हा विषय गांभीर्यानेच घ्यायला हवा.

आधी स्वस्त टोप्यांची बाजू बघू. या वर्गातला सर्वांत जुना आणि खात्रीचा माल म्हणजे गांधी टोपी. काका कालेलकरांनी तिची जन्मकथा नोंदवून ठेवली आहे. गांधीजींनी देशभरातली पागोटी आणि टोप्या पारखल्या आणि काश्मिरी टोपीचा घाट पसंत केला. ती हलकी, थोडक्या कापडात होणारी, घडी घालून खिशात मावणारी. रंग पांढरा ठरवला, कारण गडद टोपी घाम आणि मळ पोटात घालते. पांढरीवर तो दिसतो, आणि दिसला की टोपी धुवावी लागते. म्हणजे मळ दिसावा म्हणून हा रंग निवडला गेला. पुढे त्याच रंगाने किती मळ झाकला, याची नोंद ठेवायला दुसरे कालेलकर मिळाले नाहीत. खुद्द गांधीजींनी ही टोपी थोडाच काळ वापरली आणि १९२१ नंतर डोकं उघडंच ठेवलं. त्यांनी टोपी सोडली, पुढाऱ्यांनी ती धरली, आणि देशाचं ओझं अशा रीतीने विभागलं गेलं.

भावी नगरसेवकांनी ध्यानात ठेवावा असा तिचा खरा गुण म्हणजे खिशात मावणं. एक टोपी डोक्यावर असताना दुसरी खिशात असू शकते, हे गांधीजींच्या ध्यानात आलं नसेल. आपल्याकडे ते फार लवकर आलं. शिवाय २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा गांधी टोपी करमुक्त ठरली. डोक्यावर घेतलेल्या इतर कोणत्याही गोष्टीला सरकारने अशी सूट दिल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

बाकीचा बाजारही भरलेला आहे. संघाची काळी टोपी आहे, समाजवाद्यांची लाल आहे. २०११ मध्ये 'मी अण्णा' लिहिलेल्या टोप्यांनी दिल्लीचं मैदान पांढरं केलं, आणि पुढच्याच वर्षी आम आदमी पक्षाने टोपीवर मजकूर छापण्याची चाल कायमची रूढ केली. तोवर टोपीवरून माणूस ओळखावा लागे. आता नुसता वाचला तरी पुरतो. २०२२ मध्ये भाजपनेही भगवी टोपी काढली. थोडक्यात, रंगांची टंचाई नाही. डोकी तेवढी मर्यादित आहेत, आणि तीच तीच डोकी सगळीकडे पुरवून वापरावी लागतात.

पण स्वस्त मालात एक खोट असते, आणि ती छपाईत असते. ज्यांनी २०१९ मध्ये चिन्ह छापलेल्या टोप्यांचे गठ्ठे स्वस्तात उचलले, त्यांच्या माळ्यावर आज काय पडलं आहे ते बघा. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. ऑक्टोबरात निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो शिंदे गटाला दिला, आणि दुसरा गट मशाल घेऊन निघाला. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ एकाकडे गेलं आणि दुसऱ्याच्या हाती तुतारी वाजवणारा माणूस आला. निष्ठावंत कार्यकर्ता जागचा हलला नव्हता, पण त्याच्या डोक्यावरची टोपी परपक्षाची झाली होती. पक्षांतर न करता पक्ष बदलण्याची ही सोय जगात अन्यत्र कुठे असेल तर कळवावं. तेव्हा पहिला सल्ला : टोपी घ्यायचीच तर बिनछापाची घ्या. छाप निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात मारून घ्यावा, तोही धुतल्यावर जाईल अशा शाईने.

दुसरी खोट कायद्याची. टोपी बदलण्यावर १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात बंधनं आहेत, आणि नगरसेवकांसाठी राज्याचा १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे. आमदार-खासदारांना पूर्वी एक-तृतीयांश डोकी जमवली की फूट म्हणून टोपी बदलता येत असे. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती सवलत काढून घेतली. आता विलीनीकरण म्हणायचं तर दोन-तृतीयांश डोकी लागतात. याचा अर्थ साधा आहे. एकट्याने टोपी फिरवली तर तो अपात्रतेचा गुन्हा, गावाने मिळून फिरवली तर तो लोकशाहीचा कौल. कायद्याने किरकोळ विक्री बंद केली आणि घाऊक बाजाराला उत्तेजन दिलं. पाच-सहा सुट्या टोप्या घेऊन बसलेल्या एकट्या माणसाला या बाजारात कोण विचारणार?

आता भारी पगडीकडे येऊ. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्या डोक्यांमुळे ती आपल्या नजरेत बसली आहे. आता पगडीमागे तसं डोकं असलंच पाहिजे असा नियम भौगोलिक निर्देशांकात नाही, ही दिलासा देणारी बाब. पगडी आणि फेटा यांत मात्र गल्लत करू नका. फेट्याचं आठ-नऊ मीटर कापड दर वेळी नव्याने डोक्याला गुंडाळतात. तुरा काढला, शेमला सोडला की झालं. तो कोणत्याही डोक्याला बसतो आणि कधीही सुटतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये पहाटेच्या शपथविधीला बांधलेला एक फेटा ऐंशी तासांत सुटला, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. पगडीचं तसं नाही. तिचा आकार एकदा ठरला की ठरला. डोकं पुढे कितीही फुगलं तरी ती सैल होत नाही. सत्तेत आल्यावर आपल्याकडे डोकी काय वेगाने फुगतात ते पाहता मापाची पगडी हा मोठाच धोका आहे.

पण डोक्याचं माप शिंप्याच्या टेपने घेता येतं. इतिहासाचं माप घ्यायला टेप नाही, आणि पगडी अडते ती तिथेच. जून २०१८ मध्ये पुण्यातल्या मेळाव्यात शरद पवारांनी पुणेरी पगडी बाजूला ठेवायला लावली आणि यापुढे सत्काराला फुले पगडीच वापरा असं सांगितलं. झालं! एका संध्याकाळीत शहरातल्या पगड्यांचे दोन पक्ष पडले. जानेवारी २०१९ मध्ये पुणे विद्यापीठाने दीक्षान्त समारंभातला इंग्रजी झगा काढून देशी पोशाख आणि पुणेरी पगडी आणली, तर फुल्यांचं नाव असलेल्या विद्यापीठात फुले पगडी का नाही, म्हणून विद्यार्थ्यांनी आवाज उठवला. जून २०२२ मध्ये देहूला पंतप्रधान येणार म्हणून खास तुकाराम पगडी बनवून घेतली. तिच्यावर कोणत्या अभंगाच्या ओळी असाव्यात यावरून चर्चा झाली आणि ओळी बदलल्या. मे २०२४ मध्ये वाराणसीत पंतप्रधानांच्या डोक्यावर जिरेटोप ठेवला गेला. ठेवणारे हात बाजूला झाले आणि इकडे महाराष्ट्र पेटला. या प्रत्येक वेळी शिवण चोख होती, कापड अस्सल होतं, माप बिनचूक होतं. स्वस्त टोपी पावसात बिघडते, भारी टोपी बातमीत बिघडते, एवढाच फरक.

साहेबी डोकीही याच चक्रातून गेली आहेत. ब्रिटिश सरकारने १७८४ ते १८११ या काळात टोपीवर कर बसवला होता. चार शिलिंगांच्या आतल्या टोपीला तीन पेन्स, बारा शिलिंगांच्या वरच्या टोपीला दोन शिलिंग. हिशेब असा, की श्रीमंताकडे पुष्कळ भारी टोप्या असतात आणि गरिबाकडे एखादी स्वस्त, किंवा तीही नाही. आपल्याकडे हा कर चालला नसता. आपल्याकडे ज्याच्याकडे सर्वाधिक टोप्या असतात, त्याच्या प्रतिज्ञापत्रात गाडीसुद्धा पत्नीच्या नावावर असते.

मापाच्या टोपीची एक इंग्रजी हकीकत मात्र आमच्या भावींनी पाठ करावी. १८४९ मध्ये एडवर्ड कोक नावाच्या गृहस्थाने लंडनच्या लॉक आणि कंपनीकडे एक टोपी खास बनवून मागितली. टोपी घट्ट बसणारी आणि कडक हवी होती, झाडाच्या फांद्या लागून उडणार नाही अशी. सांगतात, की टोपी हातात आल्यावर कोकसाहेबांनी ती जमिनीवर ठेवली, दोनदा पायाखाली तुडवली, मोडली नाही हे पाहून बारा शिलिंग मोजले आणि निघून गेले. तीच पुढे बोलर हॅट म्हणून जगभर गेली. यातली मेख अशी, की ही टोपी त्यांनी स्वतःसाठी घेतलीच नव्हती. ती त्यांच्या शिकारीच्या रानाची राखण करणाऱ्या नोकरांसाठी होती. भारी टोपी मालकाने घ्यावी, नोकराने घालावी आणि आधी ती तुडवून बघावी, ही पद्धत आपल्या पक्षश्रेष्ठींनीही जशीच्या तशी उचलली आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे तुडवतात तेव्हा टोपी डोक्यावर असते.

इथे आपण मूळ मुद्द्याशी येतो. पाच स्वस्त की एक महाग, हा हिशेब फक्त स्वतःच्या पैशाने टोपी घेणाऱ्याला करावा लागतो. सार्वजनिक जीवनात असा माणूस दाखवा. कार्यकर्त्याला टोपी पक्ष देतो, पुढाऱ्याला पगडी सत्कार समिती देते, समितीला वर्गणी ठेकेदार देतो, ठेकेदाराला बिल महापालिका देते, आणि महापालिकेला घरपट्टी तुम्ही-आम्ही देतो. पगडी चढते एका डोक्यावर, भार बसतो दुसऱ्यावरच. पावसाळ्यात तोच रस्ता पुन्हा उखडला की समजावं, सत्काराचा हंगाम जवळ आला.

निवडणूक आयोगालाही हे ठाऊक असावं. प्रचाराच्या मिरवणुकीत टोपी, मुखवटा, उपरणं वाटायला आयोगाची हरकत नसते, फक्त खर्च हिशेबात दाखवावा लागतो. साडी किंवा शर्ट वाटला तर मात्र ती लाच ठरू शकते. म्हणजे मतदाराचं डोकं झाकणं हा प्रचार, आणि अंग झाकणं हा भ्रष्टाचार. विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांची खर्चमर्यादा आहे. त्यात टोपीपासून चहापर्यंत प्रत्येक गोष्टीचा दर जिल्हा प्रशासन ठरवून देतं. हे दरपत्रक मिळालं तर जरूर वाचा. अलीकडच्या मराठी विनोदात इतकं निर्मळ लेखन थोडंच झालं असेल.

तेव्हा भावी नगरसेवकसाहेब, आमचा सल्ला : काहीच विकत घेऊ नका. निवडून येईपर्यंत स्वस्त टोप्या फुकट मिळतील आणि निवडून आल्यावर भारी पगड्या फुकट मिळतील. बाजूला काढलेली रक्कम प्रभागातल्या एखाद्या चेंबरच्या झाकणावर घाला. शहरात सर्वांत तातडीने टोपीची गरज आहे ती त्या उघड्या भोकांना, आणि तिथे माप एकदाच घ्यावं लागतं.

मतदारांना उद्देशूनही एक शब्द. पक्षाचं नाव, चिन्ह किंवा घोषणा असलेली टोपी घालून मतदान केंद्रात जाता येत नाही, असा नियम आहे. पाच वर्षांत निदान एवढ्या एका खोलीत तरी कुणाची टोपी तुमच्या डोक्यावर नसेल. डोकं मोकळं असतानाच वापरून घ्या.