ड्रॅगनवाल्यांचं गोत्र काय?

मार्च 2020 मध्ये आमची आत्या साताऱ्याहून चार दिवसांसाठी पुण्याला आली आणि टाळेबंदीने त्या चार दिवसांचे चार महिने केले. पहिल्या आठवड्यात तिने आमची कपाटं लावली, दुसऱ्या आठवड्यात आम्हाला शिस्त लावली. तिसऱ्या आठवड्यात लावण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी घाबरून तिला 'गेम ऑफ थ्रोन्स' लावून दिलं.

आत्याने तीस वर्षं लोकांची लग्नं जुळवली आहेत. मोबदला एक कप चहा आणि दोन्ही घरांची बित्तंबातमी. त्यामुळे पडद्यावर कोणी तलवार उपसून आला की आपण तलवार बघतो, आत्या विचारते, "हा कोणाचा कोण?" तिला इंग्रजी संवाद झरझर कळत नाहीत, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. एकदा मी बेसावधपणे सांगितलं, "तो तिचा अंकल आहे."

"अंकल म्हणजे? काका, मामा, आतोबा की मावशीचा नवरा?"

मालिका थांबवून मी मोबाइलवर शोधू लागलो. इंग्रज माणूस 'कझिन' म्हणून मोकळा होतो. आत्याला त्यातून चुलत, आते, मामे, मावस असं निवडून द्यावं लागतं, आणि निवडलं की पात्राचा निम्मा न्यायनिवाडा तिथेच होतो. पहिल्याच भागात जेमी लॅनिस्टर एका लहान पोराला खिडकीतून ढकलून देतो. कारण त्या पोराने त्याला सख्ख्या जुळ्या बहिणीबरोबर नको त्या अवस्थेत पाहिलेलं असतं. आत्याने दोन दिवस त्याचं नाव घेतलं नाही, नुसतं "तो मेला" म्हणाली. पण तिसऱ्या सीझनमध्ये त्याचा हात तोडला गेला आणि आत्या पाघळली. "फिटलं त्याचं. भोगलं ना!" माझी बायको चवताळली, "आणि त्या पोराचे पाय कायमचे गेले, त्याचं काय?" त्या रात्री भाकऱ्या जरा जास्तच जोरात थापल्या गेल्या.

जेमीचा धाकटा भाऊ टिरियनने बापाला मारलं, त्यावरही दोन तट पडले. बापाने त्याला फाशीच्या वाटेला लावलं होतं, हे आत्याला मान्य. पण संडासात बसलेल्या माणसावर बाण? "देवघरात आणि संडासात वैऱ्यालाही सोडावं." तो भाग अमेरिकेत 15 जून 2014 ला, म्हणजे नेमका फादर्स डेला दाखवला होता, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "त्यापेक्षा शर्टपीस बरा."

तिचा खरा जीव जडला होता डेनेरिसवर. पांढऱ्या केसांची, पोरकी, तीन ड्रॅगन लेकरांसारखे वाढवलेली मुलगी. नेडचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेला जॉन स्नोही तिला आवडायचा. त्या दोघांची गाठ पडली तेव्हा आत्याचा धंदेवाईक डोळा लकाकला. "जोडा शोभतो हो."

आणि मग सातव्या सीझनचा शेवटचा भाग आला. पडद्यावर जहाजातल्या खोलीचं दार लागतंय आणि मागून ब्रॅनचा, म्हणजे खिडकीतून ढकललेल्या त्या पोराचा, आवाज जॉनची वंशावळ सांगतोय. मला दोन्हींचं एकदम भाषांतर करायचं होतं. मी सांगितलं, "नेड त्याचा बाप नव्हे गं, मामा. बहिणीचं पोर जगावं म्हणून स्वतःचं म्हणून वाढवलं. बायकोलाही सांगितलं नाही."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "कंस बघितला, शकुनी बघितला. मामा असा असावा! सगळ्या जगाला मामा बनवलं त्याने." मग पदर खाली घेऊन म्हणाली, "आणि बाप कोण?"

"रेगार. म्हणजे... डेनेरिसचा भाऊ."

हिशेब करायला तिला दोन सेकंद लागले. मी पडद्याकडे बघत राहिलो, ती माझ्याकडे. आणि मग माझी आत्या, बारशाला माझ्या कानात कुर्रर्र करून नाव ठेवणारी सख्खी आत्या, सोफ्यावर माझ्या शेजारून उठली आणि पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. 'आन्ट' ऐकून जगात कोणी खुर्ची बदलली नसेल.

शेवटी डेनेरिसने घंटा वाजल्यावरही शहर जाळलं आणि जॉनने तिला मिठीत घेऊन सुरा खुपसला. "जाळलं ते वाईटच," आत्या म्हणाली, "पण ते काम भाच्याने करायचं?" पुढचे दोन दिवस भाजी चिरायला तिने मला बोलावलं नाही.

2022 मध्ये डेनेरिसच्या पूर्वजांची 'हाउस ऑफ द ड्रॅगन' ही मालिका सुरू झाली तेव्हा ती साताऱ्याला परतली होती. फोनवर तिला वंशावळ लागे. राजा व्हिसेरिसची पहिली राणी एमा ही मूळ लेखक मार्टिनच्या पुस्तकात त्याची आतेबहीण आहे, हे मी सांगताच पलीकडून आवाज आला, "परतवेल!" मामाची मुलगी करणारी घरं आपल्याकडे पुष्कळ, पण जिथून आई सासरी गेली त्या घरात लेक परत द्यायची नाही, वेल उलटी फिरते म्हणतात. बाळंतपणात एमाचं पोट फाडायला राजाच संमती देतो, हे कळल्यावर मात्र ती म्हणाली, "वेलीला कशाला नावं ठेवू? नवऱ्यानेच मारलं."

पुढे राजाने मुलीच्या मैत्रिणीशीच लग्न केलं, आणि मुलगी रेनेराने सख्ख्या काकाशी, डीमनशी. दक्षिणेत मामा-भाचीची लग्नं होतात हे आत्याला ठाऊक होतं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही रूढीला सवलत आहे. "पण काका? सगोत्र?" तरी त्या डीमनबद्दल मी वाईट बोललेलं तिला खपेना. भर दरबारात पुतणीला नको ते बोलणाऱ्याचं त्याने अर्धं डोकं उडवलं होतं ना. "माणसाच्या बाजूने उभं तरी राहतो!"

दिवाळीला गेलो तेव्हा तिने ड्रॅगनवाल्यांची सगळी वंशावळ काढून ठेवली होती, सावत्रांना तुटक रेघ, लपवलेल्या बापांना नुसतं टिंब. कागद उलटून बघितला तर ती एक लग्नपत्रिका होती. आमच्याच आडनावाची, निमंत्रकांच्या यादीत सगळे चुलते, फक्त आमच्या घरातलं नाव नाही.

"आत्या, हे आपले कोण लागतात गं?"

तिने पत्रिका माझ्या हातातून घेतली आणि ड्रॅगनची बाजू वर केली.

"कोणी नाही."