शेकरूच्या बाजूला कोण?

रेडिंग, इंग्लंड
संक्रांतीनंतरचा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. थंडी मरणाची आहे, ऊन नावाला नाही. पण इथे हवेची कोणी तक्रार करत नाही, नुसती चर्चा करतात. जवसाची चटणी पोचली आणि संपलीसुद्धा. ती कोणी संपवली हे विचारू नका, जावई तुमचेच आहेत.

पत्राचं खरं कारण म्हणजे मागच्या रविवारचा व्हिडिओ कॉल. नातू तुम्हाला जीव तोडून सांगत होता, की वाघडोह एकदम समोर आला, सात्यानं एकाला झोपवलं, वैनगंगा मरता मरता वाचली, कारण मध्येच शेकरूनं वीज पिऊन टाकली. नेमकी तिथेच रेंज गेली. तेव्हापासून आईचे मिस्ड कॉल सुरू आहेत. वर दादाकडून निरोप, की पोट्ट्याला बाहेरची बाधा झाली असेल तर अंगारा पाठवते म्हणे. आई, अंगारा नको. बाधा आहे, पण ती जपानी आहे.

दादा शाळेतून आला की दप्तर फेकून शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे ठाण मांडायचा, आठवतं? कार्टून नेटवर्कवरचं ते पिवळ्या उंदराचं पोकेमॉन. ते आपल्याकडे २००३ मध्ये आलं. मूळ खेळ त्याहून जुना, २७ फेब्रुवारी १९९६ चा. सातोशी ताजिरी नावाचा जपानी माणूस टोकियोजवळच्या माचिदात लहानपणी किडे धरत हिंडायचा. पुढे तळी बुजली, इमारती उठल्या, किडे गेले. मग शहरातल्या पोरांनाही धरपकडीची मजा कळावी म्हणून त्यानं हा खेळ रचला. आज त्यात हजाराच्या वर प्राणी आहेत आणि तुमच्या नातवाला ते सगळे नावानिशी पाठ आहेत. पंधराचा पाढा मात्र अजून अडखळतो. (आई म्हणेल, किडेच पाहिजे होते तर आमच्या धानाच्या बांधीत यायचं होतं.)

आता स्पर्धा कशी असते ते सांगते. प्रत्येकानं सहा प्राण्यांचा संघ बांधायचा. सामन्याआधी दोघं एकमेकांचे सहाही बघतात आणि दीड मिनिटात त्यातले चार निवडतात. प्रत्येक चालीला ४५ सेकंद. आणि बाबा, आता कान द्या: मैदानात एका वेळी दोन उतरतात. एकटा कोणीच लढत नाही. जोडी!

हे तुम्हाला आधी सांगितलं असतं तर आमचं सुरुवातीचं हसं टळलं असतं. पण तेव्हा तुम्ही बैलांच्या पटात आणि नातू ह्यात, दोघंही कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

खेळात प्रत्येक प्राण्याला जन्मतः ताकदीचे गुण असतात. जीव, मार, चिवटपणा, वेग वगैरे सगळं मिळून बेरीज येते. सर्वसाधारण जंगलात सापडणाऱ्यांत ६०० गुणांचे म्हणजे बडे. नातवानं सहाच्या सहा ६०० गुणवाले घेतले, बहुतेक ड्रॅगन. त्यांचा मुकुटमणी ड्रॅगोनाइट, नारिंगी, गुबगुबीत, पाठीला पंख. त्याचं नाव त्यानं ठेवलं सोन्या. तुमच्या सोन्या बैलावरून. फोटो बघितलाय त्यानं, तुम्ही दावं धरून उभे आहात तो.

इथल्या एका खेळण्यांच्या दुकानात मागच्या खोलीत शनिवारी सामने होतात. समोर बसलेला गडी चांगला दाढीवाला, मला वाटतं माझ्याहून मोठा. थर्मासमधला चहा ओतता ओतता त्यानं एक पांढरी नऊ शेपट्यांची कोल्हीण पाठवली. ती आली तसा बर्फ पडायला लागला. तिचं हिमवादळ एका वेळी दोघांनाही लागतं आणि बर्फ पडत असताना ते कधीच चुकत नाही. आता आमचे तीन ड्रॅगन असे, की बर्फाचा मार त्यांना चौपट लागतो. ताकदीची बेरीज ६०० ची आणि एका फुंकरीत आडवे. दाढीवाल्यानं हात मिळवला, 'चांगला संघ आहे' म्हणाला. इथली माणसं खोटं फार अदबीनं बोलतात.

पोरगा त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर त्यानं तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही त्यातलं ड्रॅगन ऐकलं नाही, पांढरी कोल्हीण ऐकली नाही, एवढंच म्हणालात, 'अरे बाप्पा, सहाही धावनारेच घेतले? एकाले एक सांभारनारा कोन हाये?' ते वाक्य जावईबापूंनी एक्सेलच्या पहिल्या ओळीत टाइप करून ठेवलंय. चेष्टा नाही करत. तुमच्या जावयाला कुठलीही गोष्ट एक्सेलमध्ये गेल्याशिवाय खरी वाटत नाही.

त्याच आठवड्यात नातवाला एक जुना सामना बघायला मिळाला, तो तुम्हाला सांगितलाच पाहिजे. २०१४ ची जागतिक स्पर्धा, वॉशिंग्टनला, ऑगस्टात. हो, तेच साल. मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं पट बंद केले आणि तुम्ही उन्हाळाभर गोठ्यातल्या जोडीकडे बघत बसला होतात. तर त्या स्पर्धेत कोरियाच्या सेजुन पार्कनं पाचिरिसू नावाची खार आणली. निळी-पांढरी, हातभर शेपटी. गुणांची बेरीज फक्त ४०५. अशा स्पर्धेत तिला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. प्रेक्षक तिच्यासाठी ओरडायला लागले. पार्क जगज्जेता झाला.

कसा, ते ऐका. त्याच्याकडे ग्याराडोस होता, पाण्यातला उडता राक्षस, बेरीज ५४०. मारायला जबरदस्त, पण विजेचा मार त्याला चौपट. समोरचा हमखास वीजच टाकणार. तेवढ्यात बाजूची खार पुढे होऊन म्हणते, 'इकडे बघ.' ह्या चालीचं नावच 'फॉलो मी'. राक्षसावर टाकलेली वीज खारीवर जाते. आणि ह्या खारीचा गुण असा, की वीज लागली की तिला इजा होत नाही, उलट जीव भरतो! ती कोणाला फारसं मारत नाही. कुणाचा उरलेला जीव दातांनी अर्धा करते, कुणाला गाल घासून लुळं करते, आणि शेजारच्याला मोकळं सोडते.

बाबा, तुम्ही एका कुळवाड्याकडून आणलेला तो बुटका बैल असाच होता ना? सगळे हसले होते. तुम्ही म्हणाला होतात, 'त्याच्याकडं नोको पाहू, त्याच्या बाजूच्याकडं पाय.'

झालं. आमच्या घरी पाचिरिसू आली. नाव अर्थात शेकरू. राज्यप्राणी आहे, मान ठेवायलाच हवा. पण जगज्जेत्याची खार नुसती उचलून आणली म्हणून आपण जगज्जेते होत नाही, हे पुढच्या शनिवारी कळलं. समोरच्याकडे वीज टाकणारं कोणीच नव्हतं. दोघांना एकदम लागणाऱ्या मारापुढे 'इकडे बघ' म्हणून उपयोग काय? शेकरू 'इकडे बघ, इकडे बघ' करत राहिली आणि कोणी बघितलंच नाही. तेव्हापासून आमच्याकडे खरी संघबांधणी सुरू झाली. म्हणजे भांडणं.

नावं समजून घ्या, म्हणजे फोनवर गोंधळ नको. खेळात देवनागरी नाही, त्यामुळे सगळी रोमन अक्षरात लिहावी लागतात आणि समोरची गोरी पोरं त्यांचे जे उच्चार करतात ते ऐकायला मी मुद्दाम जाते. ग्याराडोस म्हणजे वैनगंगा. पट्ट्यापट्ट्यांचा पैलवान वाघ आहे, इन्सिनरोर, तो वाघडोह. आपल्या ताडोबाचा २०२२ मध्ये गेला, त्याच्या नावानं. हा मारतो कमी, धाक जास्त. नुसता मैदानात आला की समोरच्या दोघांचाही जोर दोन-तृतीयांशावर येतो. आल्या आल्या एकाला दचकवतो, मग शिवी हासडून बाहेर जातो आणि गरज पडली की पुन्हा धाक घालायला येतो. शहाणा सासरा आहे तो. सोन्याच्या नाण्यांचा माणूस आहे, त्याला जमवायला ९९९ नाणी गोळा करावी लागली, तो सावकार. आणि सात्या म्हणजे अमूंगस, कुत्र्याची छत्री. आषाढात जंगलातून आणतो तशीच, फक्त हिला हात आहेत आणि ही लोकांना झोपवते.

आता सात्याची गंमत. तिला आम्ही मुद्दाम मंद ठेवलंय. होय, मुद्दाम! खेळात 'ट्रिक रूम' नावाची चाल आहे. ती पडली की पाच फेऱ्या उलटा न्याय: जो सगळ्यात मंद, तो पहिला. पटात शेवटी येणाऱ्या जोडीला पहिलं बक्षीस द्यायचं ठरवलं तर लोक बैलांना काय काय खाऊ घालतील, विचार करा. इथे ते सगळं आम्ही करतो. जन्मतः प्रत्येक गुणात ० ते ३१ असा एक हिस्सा असतो. बाकी सगळीकडे ३१ पाहिजे, पण सात्याला वेगात शून्य. त्या शून्यासाठी तुमचा नातू चिकाटीनं अंडी उबवत बसला. आईला सांगा, 'रिकामं अंडं' म्हणून ओरडायचं नाही, हे फार मोलाचं शून्य आहे.

त्यावर खुराकाचं गणित वेगळं. एका प्राण्याला एकूण ५१० गुणांचा खुराक, एका अंगाला २५२ च्या वर नाही. पार्कनं खारीला २५२ जिवात आणि २५२ चिवटपणात घातले होते, म्हणजे मारण्यात जवळजवळ काहीच नाही. आमच्याकडे ह्यावर रात्री अकरापर्यंत वाद. जावईबापू म्हणतात, वैनगंगेच्या वेगात आठ गुण वाढव, म्हणजे एक पायरी वर जाईल आणि समोरच्या अमुक प्राण्याच्या आधी मारेल. नातू म्हणतो, ते आठ जिवातून काढले तर अमुक मार सहन होणार नाही. मार तरी ठरलेला थोडाच असतो, दर वेळी ८५ ते १०० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. मी म्हणते, दोघंही झोपा. हेच आठ गुण शाळेच्या गणितात मिळवले असते तर बाईंची चिठ्ठी आली नसती.

पण एक सांगते, पोरगा बदललाय. आधी हरला की 'नशीब' म्हणायचा. आता हरला की वहीत लिहितो: कोणते चार आणले, पहिल्या फेरीत कोणते दोन, कुठे अडकलो. मग एकाच जागी एकच बदल. सगळा संघ एकदम मोडायचा नाही, नाहीतर कशानं सुधारणा झाली ते कळत नाही. हे त्याला कोणी शिकवलं विचारलं तर म्हणतो, आजोबा एका मोसमात जोडीतला एकच बैल बदलतात.

तर मुद्दा असा, आणि ह्यासाठीच हे पत्र. सहापैकी पाच जागा पक्क्या झाल्या: शेकरू, वैनगंगा, वाघडोह, सावकार, सात्या. सहावी जागा अडली आहे. डोकं सांगतं तिथे फॅरिगिराफ नावाचं जिराफ हवं. दिसायला ध्यान आहे, पण ट्रिक रूम तेच टाकतं, आणि ते उभं असलं की समोरच्याला घाईची चाल खेळताच येत नाही. ते आलं तर सात्याचं शून्य कामी येतं. मन मात्र म्हणतं सोन्या. गुण ६००, पण त्याला ह्या पाचांत जोडीदार नाही. तो एकटाच पुढे जातो आणि बाकीचे मागे राहतात. वहीतल्या हरलेल्या सामन्यांत दर दुसऱ्या पानावर त्याचं नाव आहे. तरी पोरगा त्याला काढत नाही. 'आजोबांचा सोन्या आहे' म्हणतो आणि डोळे भरून आणतो. ह्यापुढे बापाचं एक्सेल काय करणार?

तुम्ही खऱ्या सोन्याला पटातून का काढलं, ते तुम्ही आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तो दमला होता असं आई म्हणायची. दादा म्हणतो, तो दमला नव्हता, त्याच्या बाजूला चालेल असा बैलच तुम्हाला मिळेना, आणि एकट्याला धाववून त्याची मान मोडायची नाही म्हणून तुम्ही त्याला वखराला लावलं, दर पोळ्याला पहिला मान मात्र त्याचाच. हे खरं असेल तर तेवढं नातवाला तुमच्या तोंडून सांगा. माझ्या तोंडून सांगितलं तर तो म्हणेल, तुला काय कळतं.

शुक्रवारी रात्रीपर्यंत फोन करा, आपल्याकडची रेंज असेल तेव्हा. शनिवारी सकाळी दहाला यादी द्यावी लागते, त्यानंतर बदल चालत नाही. आणि समोर तोच दाढीवाला येण्याची शक्यता आहे. त्याच्या कोल्हिणीपुढे जिराफ चालेल की नाही ह्यावर जावईबापूंची वेगळी शीट तयार आहे. ती तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर येईल, उघडू नका.

आईला साष्टांग नमस्कार. दादा-वहिनीला नमस्कार आणि पोरांना आशीर्वाद. मंडईच्या जत्रेत नाटक कोणतं आणलं होतं ते कळवायचं राहिलंय.

तुमची लेक

ता. क. : नातू विचारतो, तुमच्या आत्ताच्या जोडीची नावं काय? त्याची दोन अंडी नुकतीच फुटली आहेत.