प्लॅनवाले भाऊ

दिवाळीचा फराळ संपत येतो, पहाटे पंखा बंद करावासा वाटतो, आणि त्याच आठवड्यात नागपुरातल्या एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव बदलतं. काल रात्री 'दहावी ब' होता, सकाळी उठून बघावं तर 'रामटेक रिज लूप'. भाऊ कामाला लागले, असं खुशाल समजावं.

असे एक भाऊ प्रतापनगरात असतात, एक मनीषनगरात, महालात तर दोनदोन. वय पन्नाशीच्या अल्याड-पल्याड. नोकरी बहुधा निविदा निघतात आणि अंदाजपत्रकं बनतात अशा खात्यात. पोट थोडं पुढे, घड्याळ गार्मिनचं. हे घड्याळ भाऊंची पावलं मोजतं, पण त्यातली बरीचशी घरातल्या घरात, फोनवर बोलताना पडलेली असतात.

पुण्याच्या माणसाला प्लॅन लागत नाही. तो रविवारी उठतो, सिंहगडावर जातो, झुणका-भाकर खातो आणि दुपारच्या आत घरी येऊन आंघोळ करतो. नागपूरकराला ही चैन कुठली? गावातला इतिहासप्रसिद्ध डोंगर म्हणजे सीताबर्डीची टेकडी. तिच्यावर 1817 मध्ये भोसले आणि इंग्रज लढले. आज तिथला किल्ला लष्कराकडे आहे आणि तुमच्याआमच्यासाठी तो ठरावीक दिवशीच उघडतो. सेमिनरी हिल्स चढायला घ्यावी, तर श्वास लागायच्या आत फुटाळा तलाव दिसायला लागतो. खरा डोंगर हवा तर पचमढी, नाहीतर चिखलदरा. दोन्हीकडे दोनशे किलोमीटरच्या वर गाडी हाकायची, म्हणजे एका दिवसात होणं नाही. मावसभाऊ पुण्याहून कात्रज-सिंहगड ट्रेकचे फोटो पाठवतो. भाऊ त्याला अंगठा दाखवतात आणि मनात घेतात.

मनात घेतलं की उरतं रामटेक. नागपूरहून साधारण 50 किलोमीटर. टेकडी घोड्याच्या नालासारखी वळलेली, तिच्या कुशीत अंबाळा तलाव, वर गडमंदिर. गावाकडून चढा, धारेवरून चाला, पायऱ्यांनी अंबाळ्याला उतरा, फिरून गाडीपाशी या. लूप पूर्ण. 'यात प्लॅन करण्यासारखं आहे काय?' असं वहिनी विचारतात. त्यावर भाऊंचं उत्तर ठरलेलं असतं, आणि मला ते अगदी बिनतोड वाटतं : "अगं, सह्याद्रीत डोंगरच सांगते कुठं जायचं. इथं डोंगराले आपल्याले सांगावं लागते."

मग एक्सेलची शीट निघते. मुलीच्या लग्नातही भाऊंनी एवढे रकाने आखले नव्हते. 5:40, ऑटोमोटिव्ह चौक. 6:10, कन्हानचा पूल, थांबायचं नाही. 6:30, तर्री-पोहा, 20 मिनिटं. खाली तळटीप, 'दुसरी तर्री ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर'. 8:15, केवल नरसिंह मंदिर, 7 मिनिटं. हे मंदिर वाकाटकांचं, पाचव्या शतकातलं. तिथल्या शिलालेखात प्रभावतीगुप्तेचं नाव येतं. गुप्त सम्राटाची ही मुलगी वाकाटकांची सून झाली आणि नवऱ्यामागे तिने राज्य सांभाळलं. पंधराशे वर्षांना 7 मिनिटं, आणि पार्किंगजवळच्या चहाला 25. मी एकदा हे दाखवून दिलं, तर भाऊ म्हणाले, "मूर्ती कुठं जाते काय? चहा थंडा होते ना बे."

दुसऱ्या पानावर सामान. माणशी तीन लिटर पाणी, शिट्टी, होकायंत्र, सोलापुरी चादर (का, ते कुणी विचारत नाही), सांभारवडी 40 नग, संत्री मोजून. होकायंत्राबद्दल मला शंका आहे. रामटेकच्या टेकडीवर ठरवून हरवायला गेलं तरी जरा उघड्यावर आलं की गडमंदिर दिसतंच. पण भाऊंचा मुद्दा दिशेचा नसतो, तयारीचा असतो. तिसऱ्या पानावर चढाचा आलेख. त्यातली उभी पट्टी भाऊंनी एवढी ताणलेली असते की रामटेक बघून कळसूबाईला न्यूनगंड यावा.

शीट ग्रुपवर पडते आणि खऱ्या चढाला सुरुवात होते. आधी सगळे 'मस्त!' म्हणतात. मग एकाला त्या दिवशी साक्षगंध निघतं. एकीचा गुडघा. कुणी विचारतं, वाघ असतो का? पेंच पलीकडेच आहे म्हणून हा प्रश्न अगदीच वेडा नाही, पण विचारणारा अंबाझरीच्या बागेतही मुंगसाला घाबरलेला असतो. शाकाहारी आणि सावजीवाले यांच्यात परतीच्या जेवणावरून दोन दिवस धुमश्चक्री चालते. भाऊ पोल घेतात. पोलची तारीख ठरवायला दुसरा पोल घेतात. आणि हे सगळं निस्तरत आलं की कोपऱ्यात गप्प बसलेला एक सभासद तो प्रश्न टाकतो, ज्याला भाऊ दरवर्षी भितात : "भाऊ, गाडी वरपर्यंत जाते ना? मंग चालून कायले रायले?"

याला उत्तर नाही, कारण गाडी जाते. मंदिराच्या जवळपर्यंत चांगला रस्ता आहे. तीन लिटर पाणी वाहून, घामाघूम होऊन वर पोचावं, तर एक अख्खं कुटुंब कारमधून उतरून आइसक्रीम खात असतं, आणि त्यातल्या आजी विचारतात, "पायी आले? गाडी बिघडली का बाबा?"

भाऊंना हसणं सोपं आहे. पण दुसऱ्याच्या प्रवासाचा आराखडा करणारे ते पहिले नव्हेत. कालिदासाच्या 'मेघदूता'तला यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभराची शिक्षा भोगत बसला, तो रामगिरी म्हणजे रामटेकच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडलं. सगळे विद्वान ते मानत नाहीत. नागपूर मात्र मानतं. आणि त्या यक्षाने केलं काय? आषाढात एक ढग दिसल्याबरोबर त्याला अलकेपर्यंतचा रस्ता सांगितला. आम्रकूटावर टेक, नर्मदा लागेल, विदिशेला पाणी पी. वाट वाकडी करावी लागली तरी उज्जयिनी चुकवू नकोस. कुठे हलकं व्हायचं, कुठे पुन्हा भरून घ्यायचं, रात्र कुठल्या गच्चीवर काढायची, सगळं ठरवून दिलं. ढगाने एकदाही 'हो' म्हटलेलं नाही. म्हणजे ग्रुपवरच्या सभासदांसारखाच तो. आणि यक्ष स्वतः जागचा हलला नाही.

भाऊही हलत नाहीत. शुक्रवारी रात्री त्यांना कणकण येते, किंवा साहेबांचा फोन. शनिवारी पहाटे ऑटोमोटिव्ह चौकात आम्ही उरलेले चौघे थंडीत कुडकुडत उभे असतो, आणि भाऊ घरून, रजईतून, मोहीम चालवतात. "लोकेशन टाका. पोहे झाले? आठ मिनिटं लेट चालून रायले तुम्ही." अंबाळ्याच्या पायऱ्या उतरताना फोन येतो तेव्हा ते शीटवर आमच्याही पुढे, खिंडसी तलावाच्या वाटेला लागलेले असतात.

तरीही माझं मत पक्कं आहे. भाऊ नसते तर आम्ही चौघेही गेलो नसतो. नागपुरातली जी माणसं 'एकदा रामटेक पायी करायचंय' म्हणतात, त्यातली निम्मी ते म्हणत म्हणतच रिटायर होतात, कारण त्यांच्या ग्रुपमध्ये भाऊ नाही.

तुमच्याकडे नसेल तर एवढं करा. डिसेंबर-जानेवारीत जा, मार्चनंतर तो दगड तव्यासारखा तापतो. उजाडता उजाडता चढायला लागा. खाण्याची पिशवी हातात धरू नका, सॅकच्या आत ठेवा, आणि सॅकही नजरेआड करू नका, कारण तिथली वानरं चेन उघडायला फार वेळ लावत नाहीत. नरसिंहापाशी सात मिनिटांहून जास्त थांबा. आणि तुमच्याकडे भाऊ असेल, तर उतरल्यावर आधी त्याला फोन करा, खऱ्या वेळा सांगा. पुढच्या वर्षीच्या शीटला त्या लागतात.