रोझीचा पगार

'द जेट्सन्स' या कार्टून मालिकेतला जॉर्ज जेट्सन मला नेहमीच घरचा वाटत आला आहे. कारखान्यात बसून बटण दाबायचं आणि संध्याकाळी 'दमलो बुवा' म्हणत खुर्चीत पडायचं, हा त्याचा दिनक्रम. मी तेवढं बटण वगळून बाकीचं करतो.

या मालिकेचा पहिलाच भाग 'रोझी द रोबॉट', २३ सप्टेंबर १९६२ चा. गोष्ट घडते २०६२ साली. घर आभाळात, गाडीची घडी घातली की तिची ब्रीफकेस होते, आणि तरी जॉर्जची बायको जेनबाई वैतागलेल्या. कारण घरकामाची बटणं दाबून त्यांचं बोट दुखतं. मग घरी येते रोझी. जुनं मॉडेल, ट्रायलवर आणलेलं. कमरेला ॲप्रन, पायांच्या जागी चाकं, तोंडाने फटकळ.

परवा हा भाग पुन्हा पाहिला आणि वाटलं, मध्य प्रदेशातल्या आमच्या धामनोदात रोबॉट आणणारा पहिला मराठी माणूस आपणच व्हायचं. पवारांनी फौजेबरोबर इकडे येऊन धार-देवासात संस्थानं उभी केली. मी ऑनलाइन मागवून झाडू मारणारी चकती आणली. इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच व्हिडिओ टाकला: 'आमच्याकडे नवीन बाई!' सौभाग्यवतींनी तो पाहिला आणि 'जुनी कोण?' एवढंच विचारलं.

चकती फ्लॅटसाठी जन्मलेली. आमच्या घरात खोलीगणिक उंबरठा. शिवाय आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ आणि हंगामात गाड्यांवरून उडून येणारा कापूस. उंबरठ्याला दोन धडका देऊन ती इंग्रजीत मदत मागायची. मग मी तिला उचलून पलीकडे ठेवायचो. कापसाचा पुंजका ब्रशाला गुंडाळला की पालथी घालून, चष्मा लावून, नखकात्रीने तो कापत बसायचो. खरी बाई केरसुणी घेऊन बाजूला उभी राहायची. एकदा म्हणाली, "भैया, ये तो मेरे से जादा छुट्टी मारती है."

आता रोझी इथे आली असती तर काय झालं असतं, हा माझा आवडता विषय. त्या भागात जॉर्जचा मालक मिस्टर स्पेसली जेवायला येतो, तेव्हा ती अननसाचा केक करते. ठीक आहे, पण पानिये? मक्याचं पीठ मळायचं, थापायचं, रुईच्या दोन पानांमध्ये धरायचं आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं. पान जळलं पाहिजे, पानिया नाही. हे कळायला नाक लागतं. रोझीने आरावर हात धरला असता तर वायरी वितळल्या असत्या आणि वर आमच्याच आत्याने "पीठ सैल झालंय गं" म्हणून तिला पुन्हा मळायला बसवलं असतं. पानियांबरोबर डाळ हवी, डाळीवर तुपाची धार हवी, आणि वाढणारीने "एक और" म्हटलं पाहिजे. हा आग्रह कुठल्या मॉडेलमध्ये येतो, कंपनीने कळवावं.

असो. एका दुपारी चकतीची बॅटरी संपली. मी तिला अलगद उचलून चार्जिंगला लावत म्हणालो, "दमली बिचारी." मागे बाई बादली घेऊन उभी होती. पाठ दुखते म्हणून ती दोन दिवस आली नव्हती आणि त्या दोन दिवसांत आमच्या घरात 'दांडी' हा एकच शब्द फिरत होता. ती काही बोलली नाही. पोछा पिळला आणि कामाला लागली. चहा द्यायला हवा होता, हे मला ती गेल्यावर सुचलं.

त्या रात्री मला पहिल्यांदाच जॉर्जचा राग आला. आभाळात घर बांधणाऱ्या त्या लेखकांनी उडती गाडी सुचवली, पण जॉर्जने उठून स्वतःची बशी विसळावी हे त्यांच्यातल्या एकालाही सुचू नये? यंत्राला काम सोपवायचं तर तेही ॲप्रन बांधलेल्या बाईलाच!

आणि भागाचा शेवट तर बघाच. रोझी तो केक स्पेसलीच्या डोक्यावर ओतते, जॉर्जची नोकरी जाते. मग स्पेसलीला त्या केकची चव इतकी आवडते, की तो जॉर्जला परत कामावर घेतो आणि रोझीला ठेवणं परवडावं म्हणून पगारही वाढवतो. म्हणजे केक केला रोझीने आणि पगार वाढला जॉर्जचा.